पुसलेलं वाचता आलं पाहिजे

दिगडाग्याच्या पुढे, जिथे पाण्याचे टँकर वळतात,
तिथे चेक लोकांनी आपला देश उतरवला :
दोन ट्रेलर, एक जनरेटर, थर्माकोलचं चर्च.
इथे स्वस्त पडतं म्हणे.
त्यांच्या देशात त्यांचा देश परवडत नाही.

मला बोलावलं पाट्यांसाठी.
बावीस वर्षं रास अल खैमात बोर्ड रंगवतोय :
लाँड्री, केरळ हॉटेल, इथे गाडी लावू नये.
लिपी कुठलीही असो, ब्रशला पोट आणि टोक एवढंच कळतं.
यांच्या अक्षरांच्या डोक्यावर मात्र
बारकी चिमणी बसते, पंख वर केलेली.
एका पाटीवर मी ती विसरलो
तर ब्लांकाबाई धावत आल्या :
मुकादम, गावाचं नाव बदललं, आता याचा अर्थ सांडपाणी!
यारोमीर, दिग्दर्शक, म्हणाला, राहू दे.
माझा जन्म तिथलाच.

गोष्ट अशी. अडुसष्टचा ऑगस्ट.
दोस्त देशांचे रणगाडे रात्रीतून घुसले
आणि लोकांनी काय केलं, तर पाट्या पुसल्या.
गावांची नावं, गल्ल्यांची, दारांवरचे नंबर.
येणाऱ्याला कळू नये आपण कुठे आलो.
इथवर खरं, यारोमीर म्हणाला,
बापानं माझ्या चुना कालवला होता.
आता खोटं.

खोटं म्हणजे : सिनेमातच सिनेमावाले येतात
तो शूर प्रसंग पुन्हा घडवायला.
सोबत सरकारी साहेब, शिक्का खिशात.
पांढरीफट्ट पाटी बघून साहेब ओरडतो,
प्रेक्षकाला कळणार कसं काय पुसलंय?
पुसलेलं नीट वाचता आलं पाहिजे!
मग सगळे पुन्हा रंगवतात. पुन्हा पुसतात, जरा कमी.
तोवर रणगाडे चहाला थांबतात.

सत्तेचाळीस डिग्री.
रणगाडा म्हणजे गुलवालीचा टँकर, वरून प्लायवूड,
आत पाच हजार गॅलन गोडं पाणी.
एका टेकला नळ सुटला
आणि आक्रमण ओली रेघ सोडत गेलं,
तिच्यामागे दोन बकऱ्या.
ते ठेवलंय म्हणे सिनेमात.

शेवटच्या पाटीवर, रंग पातळ झाला का बघायला,
मी काहीतरी लिहिलं होतं. हात जे लिहितो ते.
त्यावर पांढरा. त्यावर त्यांचं गाव. त्यावर पुन्हा पांढरा.
साडेपाचचं ऊन तिरपं आलं
आणि यारोमीरनं कॅमेऱ्यातून डोळा काढला :
ही आडवी रेघ कसली?
शिरोरेखा, म्हटलं. खाली लटकलंय ते फुरूस, तालुका खेड.
तिकडे कोणाचे रणगाडे आले होते?
कोणाचेच नाही.
आम्हीच निघालो, एकेक करून, व्हिसा आला तसे.
तो कट म्हणायला विसरला.

गेले ते. चर्च वाऱ्यानं नेलं. पाटी आहे अजून.
परवा गुलवाली त्या फाट्यावर अर्धा तास चुकला,
अकरा वर्षांच्या रोजच्या रस्त्यावर.

पैसे यायचेत.
बिलात लिहिलंय :
पाट्या रंगवणे, चौदा.
पुसणे, एकोणतीस.