सात आणि अकरा

कुणी नको तितकं बोलायला लागलं
की आपण म्हणतो, एरंडाचं गुऱ्हाळ पुरे.
मार्सेलच्या पूर्वेला, नदीकाठच्या कारखान्यात
ते खरोखरच चालतं,
रात्री नऊ ते पहाटे पाच,
आणि बाकार म्लामाली तिथे
एक शब्द बोलत नाही.

काटा पाचशेच्या पुढे सरकतो.
वाफेत शिरलेली तेलाची साखळी,
अठरा कार्बनांची,
नेमकी एकाच ठिकाणी तुटते.
इकडे सात, तिकडे अकरा.
हिशेब सोपा. वाटणी तेवढी सोपी नाही.

सात जातात अत्तरवाल्यांकडे,
आणखी चार हात फिरून त्यांचा मोगरा होतो
(फोरमन सांगतो, त्याच्या बायकोकडे ती बाटली आहे).
अकरा जातात निळ्या पिंपांत.
वास: कोंदट, खवट,
पावसात राहिलेल्या मोज्यासारखा.
अकरांचं पुढे काय होतं
हे बाकारनं बावीस वर्षांत विचारलं नाही.

त्याची आई बेटावर पहाटे
इलांगची फुलं तोडायची.
तिच्या बोटांना असा वास यायचा की
भाकरीही गोड लागायची.
म्हणून सातांबद्दल त्याला
थोडी आपुलकी आहे.

कारखान्याचे बूट रबरी, गुडघ्यापर्यंत.
आठ तास आत पाय शिजतात.
फेब्रुवारीत करंगळीशेजारची कातडी
पांढरी झाली, मग फाटली,
मग खाज अशी की
वाल्व फिरवताना तो एका पायावर नाचायचा.
मशिदीत बूट काढायचे असतात.
तो दाराजवळच्या शेवटच्या रांगेत,
पायांत मोजे तसेच.
सोइलिही काका दोनदा म्हणाले, पुढे ये.
तो म्हणाला, गुडघा दुखतो.

शेवटी एशातीनंच त्याला ढकललं
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात.
अराक्सीबाईंचा चष्मा दोरीला बांधलेला.
काउंटरमागे स्टुलावर बसवून म्हणाल्या, मोजा काढ.
त्याला वाटलं, आता नाक धरतील.
त्या वाकल्या. दोन बोटांनी बोटं वेगळी केली,
जुन्या पुस्तकाची चिकटलेली पानं
सोडवावीत तशी.
"ओले पाय बुटात घालतोस ना रे?"
मग एक ट्यूब ठेवली, सहा युरो चाळीस,
आणि डब्यावरचं बारीक अक्षर
मोठ्यानं वाचलं:
अनडेसिलेनिक आम्ल.

बाकारनं झाकण उघडलं. हुंगलं.
पुन्हा हुंगलं.
"हे तर आमचं पिंप आहे."

"असेल," अराक्सीबाई म्हणाल्या.
"घामातही थोडं असतं म्हणतात.
तुझ्याही.
ते कमी पडतं, म्हणून मी विकते."

तो रस्ताभर हसत होता की
चिडला होता, एशातीला कळेना.
बावीस वर्षं रात्री जागून
आपण घामच गाळत होतो,
दोन्ही अर्थांनी, आणि
आता सहा चाळीस देऊन परत आणला.
अठराविश्वे दारिद्र्य म्हणतात ते
हेच अठरा की काय!

रात्रीच्या पाळीआधी न्हाणीच्या कडेला बसून
तो बोटांच्या फटींत मलम भरतो.
एशाती बाहेरून ओरडते,
"कारखाना घरी आणलास!"
चौथ्या आठवड्यापर्यंत लावायचं,
बरं वाटलं तरी सोडायचं नाही,
हे त्या बाईंनी तीनदा बजावलंय.

दुसऱ्या शुक्रवारी तो मधल्या रांगेत होता.
मोजे होते. पण मधल्या रांगेत.

आणि काल कारखान्यात
पिंपाचं झाकण लावताना त्यानं
इकडे तिकडे पाहून
हातमोजा काढला,
पिंपाच्या थंड पत्र्यावर
एकदा तळवा ठेवला,
घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.
मग घंटा झाली.
बूट उलटे टांगून तो घरी निघाला,
पाय कोरडे पुसून.