अर्थ

परभणी, जिंतूर रोड, रात्रीचे दहा.
मुकर्रमभाईंच्या शेडमध्ये एस्टीम, बोनेट उघडं.
अडतीसशेपर्यंत गुण्यागोविंदानं,
पुढं गेली की उचकी.

नवा ईसीयू पुण्याहून आणलेला.
वायरिंग मीच ओढलं, कबूल.
क्रँक सेन्सरची वायर कॉइलच्या वायरीसोबत
एकाच टेपात गुंडाळली,
दिसायला नीट दिसावी म्हणून.

"चाकाला दोन दात नाहीत," भाई म्हणाले,
"अन् तुझा डबा नसलेले दात मोजायलाय."

स्कोपवर रेघ नव्हे, बाभळीची फांदी.
वायरी वेगळ्या केल्या. निम्मे काटे गेले.
मग भाईंनी जाळीची केबल चाचपली
टोकापासून टोकापर्यंत,
नाडी बघावी तशी.
"दोन्हीकडं अर्थ दिलायस व्हय?"
दिला होता. पक्कं व्हावं म्हणून.
"अर्थ एकाच टोकाला द्यावा, बाबा.
दोन्हीकडून दिला की गोंगाट आतच फिरत राहतो."

इंजिनाकडची जाळी छाटली, वर स्लीव्ह चढवली.
स्टार्टर.
चार हजार. पाच. साडेपाच.
टायरवाल्याचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

भाई डावा कान इंजिनावर धरून उभे.
उजवा त्यांचा
कधीचाच बंद आहे.