तिसरी भेट

इंचॉनच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत ती इमारत.
तळाला माशांची खानावळ, वर दाताचा दवाखाना,
त्यावरच्या दोन मजल्यांत मिळून एक्केचाळीस खोल्या.
खोली म्हणजे एक माणूस आडवा, आणि एक दार.
दार उघडायचं तर पाय आधी पोटाशी घ्यायचे.

पहिल्या भेटीत मालकांनी, प्यो जॉंग-हाक यांनी,
मला जिन्सेंगचा चहा दिला होता.
दुसऱ्या भेटीत नुसतं पाणी.
आज ते खुर्चीतून उठले नाहीत.

मी फॉर्म उघडते.
आग विझवायचं नळकांडं: आहे. काटा लाल पट्ट्यात.
धुराची घंटा: आहे. तिच्यावर प्लास्टिकची पिशवी,
रबरानं गच्च आवळलेली.
"खाली मासे भाजले की उगाच बोंबलते," प्यो म्हणतात.
मागचा जिना: आहे.
जिन्यावर तांदळाची पोती, मेलेलं वॉशिंग मशीन,
आणि एका भाडेकरूची सूटकेस. तोही मेलेला,
न्यायला अजून कोणी आलेलं नाही.
जिन्याच्या शेवटी लोखंडी दार. दाराला कुलूप.

"चोर येतात."
"आणि आग?"
"एकवीस वर्षांत आलेली नाही."

हे खरं आहे.
वेळ काही सांगून येत नाही, असं म्हणावं
तर ते माझ्याआधीचे दोघेही म्हणून गेले.
फॉर्ममध्ये न घडलेल्या गोष्टीला रकाना नाही.

म्हणून, जे मी करायला नको होतं ते केलं.
प्योंना चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीशी नेलं,
टॉवेलनं डोळे बांधले, म्हटलं, निघा बाहेर,
आणि घड्याळ लावलं.

ते हसत निघाले. दारं किलकिली झाली,
घरमालकाची आंधळी कोशिंबीर कोण सोडेल?
मग भिंत संपली आणि हसू संपलं.
एका खोलीतच शिरले, कुणाच्या वाळत्या मोज्यांत तोंड.
जिना सापडला. गुडघा मशीनवर, पाऊल पोत्यावर.
सूटकेस त्यांच्या पुढे गडगडत गेली,
दारापर्यंत तीच आधी पोचली.

मग त्यांच्या बोटांना कुलूप लागलं.
बराच वेळ ते त्याला धरून होते.
"किल्ली?"
"कोटात."
"कोट?"
"ऑफिसात."

तीन मिनिटं बावीस सेकंद, आणि अजून आतच.

"ताठ चाललात," कोणीतरी वरून म्हणालं.
"धुरात असं चालत नाहीत."
ऑम छी-गॉन, चारशे सात. गोदीत हमाली केलेली पाठ.
त्यांनी मला खोली दाखवली:
उशीखाली हातोडा, नऊ वर्षांपासून,
खिडकीची काच फोडायला.
मी खिडकी उघडली.
पलीकडे आकाश नव्हतं, पत्रा होता,
दवाखान्याच्या पाटीवरच्या दाताची मागची बाजू.
पुढून तो दात रस्त्याला पांढराशुभ्र हसतो,
आणि महिन्याला प्योंना भाडं देतो.

दंड लिहिला. दहा दिवस दिले.

अकराव्या दिवशी कुलूप नव्हतं. नुसतं ढकलायचं नवं दार,
दांड्यावरचा कागदही काढलेला नाही.
जिना मोकळा. सूटकेस प्योंच्या टेबलाखाली,
ते तिच्यावर पाय ठेवत नाहीत, बाजूला ठेवतात.
चहा नाही, पाणी नाही. "झालं समाधान?"
दात मात्र जागेवर. त्याच्यासाठी अपील केलंय,
तारीख दोन महिन्यांनी.
मी लिहिलं: पूर्तता अंशतः.

जाताना धुराच्या घंटेचं चाचणीचं बटण दाबलं.
दोन्ही मजले थरथरेपर्यंत ती वाजली.
एकही दार उघडलं नाही.
सगळ्यांना वाटलं, मासे.

मग चारशे सात उघडलं.
ऑम बाहेर आले, कमरेत वाकून,
तोंडाला ओला रुमाल, एक हात भिंतीला,
दुसऱ्या हातात हातोडा,
आणि माझ्या पायांपाशी येऊन, मान वर न करता,
पावलं मोजत पुढे गेले.