कसर

आमसुलांशेजारी आज पुस्तकं वाळत घातली.
हर्णैची हवा. पान पानाला चिकटतं,
साटासारखं हलक्या हाताने सोडवायचं.

न वाचलेली एकशे बारा.
मुकादमांचा इब्राहीम तराजू घेऊन पायरीवर,
घाई नाही त्याला,
बंदरावरचा लिलाव पाचला.

जर्मन व्याकरण गेलं. योगासनं गेली.
तीन दिवाळी अंक, वेष्टनासकट.
‘मधमाशीपालन’ जरा हातात राहिलं:
आत माझंच नाव, माझीच निळी शाई,
आणि ते साल,
जेव्हा पेट्या घेणार होतो.

कसरीने मात्र वाचलं होतं,
पान एक ते एकसष्ट, न थांबता,
थेट राणीमाशीच्या पोटातून.

तिथे खूण घातली, माडाची हीर.
“हे?” इब्राहीमने हात पुढे केला.
म्हटलं, चालू आहे.