घामपट्टी

तेहतीस टोप्या आहेत माझ्याकडं.
बायको म्हणते, डोकं एकच, तेही टकलं.
पोस्टमन भालके पार्सल काउंटरवर आपटून विचारतो,
"अप्पा, औंदा कोणाचं डोकं?"

उदगीरच्या उन्हात सशाच्या केसांचा नमदा कोण घालणार.
मी घालत नाही, उलटी करून आत बघतो.
बाहेरून सगळे गृहस्थ सारखेच असतात.
आत कातड्याची घामपट्टी,
तिच्यावर सोनेरी ठशात दुकानाचं नाव, गल्ली, गाव,
एखादीत मालकाची दोन अक्षरं टोचून काढलेली.
जिथं कपाळ टेकत होतं तिथं कातडं काळं.
माणूस कधीच गेला,
घाम ऐंशी वर्षं तसाच आहे.

बसलेला काठ चहाच्या किटलीच्या वाफेवर उठवतो.
कसर लागू नये म्हणून लिंबाचा पाला.
हिरवी टायरोलची, बाजूला रानबोकडाच्या केसांचा झुबका,
तिला पुतण्या 'नवरदेव' म्हणतो.
टोप्या बसवायला उपडे तांबे
आणि अज्जांच्या वेळचं एक जड पितळी भांडं,
वर निमुळतं, खाली पोकळ, ना काठ ना कान.
कशाचं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही.
त्यावर टोपी झकास बसते.

सव्वीस नंबरची करडी, व्हिएन्नाची.
आत, लेओपोल्ड ग्रुन आणि मुलगे.
गल्लीचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही,
घर नंबर एकोणीस. वर छोटा मुकुट.

गेल्या दिवाळीत आली ती एकतिसावी, तपकिरी.
तीच गल्ली. तोच एकोणीस.
तोच मुकुट, उजवं टोक तुटलेलं दोन्हीकडं,
म्हणजे ठसासुद्धा तोच.
नाव दुसरं.
मुलगे नाहीत.

शोधलं, तेव्हा कळलं,
अडतीस साली त्या गावात पुष्कळ पाट्या बदलल्या.
दुकानं विकली गेली म्हणे.
किंमत घेणाऱ्यानंच सांगितली.

आमचं दुकान चौबाऱ्याकडं जाणाऱ्या गल्लीत.
"शिवलिंगप्पा अज्जांनी अठ्ठेचाळीसला घेतलं."
घरात हे एवढंच वाक्य आहे.
त्यात 'कुणाकडून' कधी बसलं नाही,
आणि मीही बसवून पाहिलं नाही.

दाराच्या वर दरसाल चुना मारतो
आणि दरसाल पोपडा सुटतो तिथंच,
खाली निळी वळणाची रेघ, वर तीन टिंबं.
मला ती ओल वाटायची.
खरं सांगतो,
मला ती ओल वाटावी असं वाटायचं.

एकतिसावी आली त्या रात्री
शटर अर्धं ओढलं,
टोप्यांचा मऊ ब्रश घेऊन स्टुलावर चढलो.
चुना डोळ्यात, नाकात, बनियनवर.

सकाळी समोरच्या कैसरभाईंना बोलावलं.
त्यांनी चष्मा पुसला, बोट उजवीकडून डावीकडं नेलं.
"शेख दस्तगीर. रूमी टोप्या
नव्या मिळतील. जुन्या साच्यावर बसवून मिळतील."
मग काही बोलले नाहीत बराच वेळ.
मी चहा सांगितला.
चहा येईपर्यंत त्यांनी आत नजर फिरवली,
एकतिसावी उचलली, बाजूला ठेवली,
खालच्या पितळेवर टिचकी मारली.
"अप्पा, ये तो साचा है."

साच्याच्या आत बोट घातलं.
पोटात कोरलेला एक आकडा लागला.
कुणाच्या डोक्याचं माप?
चहा निवून गेला दोघांचाही.

आता तो साचा रिकामाच ठेवतो.
बायको विचारते, मग करायचं काय?
मला कळत नाही.
चौतिसावी टपालात आहे, पैसे आधीच गेलेत.

आज रंगारी आला होता.
म्हटलं, दारावरची तेवढी जागा सोड.
"किती सोडू, अप्पा?"
खिशात डोकी मोजायची टेप होती.
तिनंच मोजून दिली.