रीस्टार्टपर्यंत

डागेब्युलच्या बंदर कचेरीत लाइन एकच,
तीच फोनची, तीच फॅक्सची.
पहिल्या रिंगलाच सर्व्हर झडप घालतो
आणि पलीकडे जो कोणी असेल
त्याच्या कानात शिट्टी.

म्हातारा मोमे हालिगवर एकटा,
समुद्रातल्या मातीच्या टेकाडावर.
फॅक्स त्याच्याकडे नाही. आवाज आहे,
तोही सर्दीने बसलेला.
संध्याकाळपासून लॉगमध्ये चार ओळी:
समोर यंत्र नाही. समोर यंत्र नाही.

गोंके खुर्ची पुढे ओढते.
सेटिंगच्या फाइलला हात लावत नाही;
ती वरिष्ठांची, तिच्यात तारखा आहेत,
कुणाकुणाच्या शंका आहेत.
काळ्या खिडकीत एकच ओळ लिहिते:
मोडेम, आठ रिंगा थांब.
एंटर.
उत्तर काहीच येत नाही. म्हणजे झालं.

बाहेर पाणी बांधाला लागलंय.
हामबुर्गहून मालाची यादी येते,
आठ रिंगा ताटकळते, कुरकुरत उतरते.
उतरू दे.

अकरा वाजून दहा.
पाचव्या रिंगला ती उचलते.
"कोण, माणूस?"
"हो, माणूस."
मग बराच वेळ मोमे बोलतच नाही.
मेंढ्या वर घेतल्यात, म्हणतो,
पाणी उंबऱ्याशी आहे, आत नाही.
एवढंच कळवायचं होतं.

पहाटे वीज जाते, येते.
सर्व्हर उठतो, फाइल वाचतो,
रात्रीचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.

गोंके कालची कॉफी मोरीत ओतते,
परत येऊन तीच ओळ लिहिते.
या वेळी दहा.