दिसणारी शिट्टी

जांभळी नाक्यावर भांड्यांच्या तिसऱ्या दुकानात
पोरगा विचारतो, किती लिटर?
मी त्याच्या तोंडाकडे बघतो.
मीटर असतं तर ओठ मिटले असते.
एवढं आता जमतं.

वागळे इस्टेटला एकतीस वर्षं प्रेसवर होतो.
दर चार सेकंदांनी एक धडाका, एक झाकण.
कानांनी माझ्या आधीच राजीनामा दिला,
नोटीस न देता.

आता इंदुमती सहाला कळव्याला जाते,
एका आजारी बाईंची शुश्रूषा करायला.
वरणभात माझ्याकडे.
पहिल्या दिवशी म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा,
आणि लगेच जीभ चावली.

घड्याळ लावून केलं काही दिवस.
मग एकदा पेपरात कोडं अडलं.
जळका वास आला, तर मला वाटलं
मागच्या गल्लीत कुणी कचरा पेटवलाय.
शेजारच्या गावंडांची नात आत आली,
माझ्या पाठीमागून गॅस बंद करून गेली.
वळलो तेव्हा स्वयंपाकघरात धूर,
आणि दारात तिची एक चप्पल.

पोरगा एकेक मांडतो.
स्टीलचा, हंडीसारखा, आतल्या झाकणाचा.
जुना आणलात तर तीनशे कमी.
मी कडेवर अंगठा ठेवतो. अडीचचा पत्रा.
म्हणतो, तळाला सव्वातीन हवा.
तो खोक्यावर वाचून बघतो,
मग माझ्या अंगठ्याकडे.

झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं.
कुठे अडलं नाही.
चांगली डाय, आणि चांगला माणूस प्रेसवर.
कुठल्या गावचा, कोण जाणे.
त्याला घरी हाक मारायची तर
बायको खांद्याला हात लावत असेल.

शेवटी बोललोच,
शिट्टी दिसेल असा दाखव.
जरा मोठ्याने बोललो असणार,
सगळं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.
पोरगा हसला नाही.
गल्ल्यावरचे शेठ उठले, चष्मा कपाळावर सरकवला,
एकेका कुकरचं वजन चिमटीत धरून
वर-खाली करून दाखवू लागले.
हे नुसतं थरथरतं.
हे गोल फिरतं.
आणि हे,
भुवया उंचावून ते म्हणाले,
हे उडी मारतं.

तीन लिटर. जुना दिला, तीनशे सुटले.

ओट्यासमोर स्टुलावर बसलो.
तळहात कडाप्प्यावर टेकवला.
आधी दगडाच्या आतून बारीक मुंग्या आल्या,
मग वाफेचा धागा,
मग ते वजन उठलं, फुस्सकन असणार,
आणि पुन्हा खाली बसलं.
एक.

संध्याकाळी इंदुमतीने डाळ चमच्याने दाबून पाहिली.
फारच मऊ झालीय. किती काढल्यात?
मी चार बोटं दाखवली.

चौथी उगाच.
बघायला बरं वाटत होतं.